दार कोणी उघडलं

"थांबा थांबा, भाऊ. ही बया आता काय बोलली तां आधी सांगा."

जानू तांब्यांनी उजव्या हाताच्या बोटाने मोबाइलवरचं चित्र थांबवलं. डावा हात हलवायची सोय नव्हती. त्यात दोन सुया होत्या आणि रक्त नळीतून मशीनमध्ये जाऊन परत येत होतं. शेजारच्या खाटेवर आवडाबाईंचाही हात तसाच बांधलेला. दोन खाटांच्या मध्ये जेवणाचं टेबल ओढून त्यावर मोबाइल उभा केला होता.

"ती म्हणाली, माझ्या नवऱ्याचं नाव या गावात कुणाला माहीत आहे का?"

"मग तो मिशीवाला?"

"तो म्हणाला, टेकडीवरच्या निळ्या दाराच्या घरात त्या नावाचा एक माणूस राहतो."

"निळा? मला तर काळाच दिसतोय."

"चित्रपट काळा-पांढरा आहे, आवडाबाई."

"मग निळा कशाला बोलतो मेला!"

डायलिसिसच्या खोलीतले इतर पेशंटही हसले. दीक्षा सिस्टरने दारातूनच डोळे मोठे केले.

मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. आठ महिने हे असं चाललं होतं. तांबे मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. चित्रपटाचं वेड मात्र मंडणगडच्या जत्रेतल्या तंबूपासूनचं. गर्दी खेचणारे चित्रपट त्यांना आवडत नसत असं नव्हे. पण आठवडाभरात उतरलेल्या, कुणी नाव न घेतलेल्या चित्रपटांवर त्यांचा फार जीव. असा एखादा सापडला की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ऐकणारं मात्र कुणी भेटलं नाही. कारखान्याच्या फळ्यावर ते दर सोमवारी एक नाव लिहीत. दुपारपर्यंत त्यावर कुणीतरी शिफ्टचं वेळापत्रक लिहून टाकी. एकदा वाचनालयाचा हॉल मिळवून त्यांनी खेळ लावला. तिघे आले, त्यातला एक पंख्याखाली झोपायला. बायको, नंदा, होती तोवर शेजारी बसे, पण मध्यंतराआधीच तिची मान त्यांच्या खांद्यावर यायची. आता ते ठाण्याला मुलाला, सम्यकला, दर रविवारी एक नाव पाठवत. सम्यक उत्तरादाखल अंगठा पाठवी. एकही चित्रपट त्याने पाहिला नव्हता.

आणि पासष्टाव्या वर्षी पहिला खरा प्रेक्षक मिळाला तो हा. मिरकरवाड्यातली मासे विकणारी बाई, अक्षरओळख नसलेली. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी तांबे वाचायचे आणि मराठीत सांगायचे. आवडाबाई बघायच्या आणि भांडायच्या. म्हातारा बाप पोरीला स्टेशनवर सोडून मागे वळत नाही, तर म्हणाल्या, "वळला असता तर मान काय मोडली असती त्याची?" तांब्यांनी तो चित्रपट नऊ वेळा पाहिला होता. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

आजचा चित्रपट त्यांनी बरेच दिवस मागे ठेवला होता. थंड मुलुखातला, साठ वर्षांपूर्वीचा, जगात कुठे गाजला नाही असा. दीपगृहात काम करणारी एक बाई. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. वीस वर्षांनी कळतं की लांबच्या एका बंदरात त्याच्याच नावाचा माणूस आहे. ती बोटीने निघते.

आवडाबाईंचा नवरा, बाबल्या, होडीबरोबर गेला त्याला बावीस वर्षं झाली होती. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. हे तांब्यांना ठाऊक होतं. म्हणूनच चित्रपट मागे राहिला होता आणि म्हणूनच शेवटी त्यांनी लावला.

मध्येच आवडाबाईंचं ब्लडप्रेशर उतरलं. ओठ पांढरे पडले. दीक्षा सिस्टर धावत आली, खाटेची पायाकडची बाजू उंच केली, सलाईन सोडलं. अर्धा तास त्यात गेला. डोळे उघडल्यावर बाईंनी पहिल्यांदा टेबलाकडे पाहिलं.

"पोचली काय ती?"

पडद्यावरची बाई टेकडी चढून दारापाशी आली. पदरासारखा रुमाल तिने डोक्यावर नीट केला, दार ठोठावलं. आत पावलं वाजली. तेवढ्यात मशीनने शिट्टी दिली. थांबत, सांगत चार तास संपले होते. वीस मिनिटांचा चित्रपट उरला होता, आणि बाहेर पुढच्या पाळीचे पेशंट उभे होते.

"भाऊ, तुम्ही बघितलाय ना हा? मग सांगा की. दार कोन उघडतो?"

"नाही हं. चित्रपट सांगायचा नसतो, बघायचा असतो. शुक्रवारी बघू."

"एवढाच सांगा. तोच हाय काय?"

"शुक्रवारी," तांबे हसत म्हणाले. आयुष्यभर पाळलेला नियम होता तो.

सुया काढलेल्या जागी कापूस दाबून धरत बाई म्हणाल्या, "लय हट्टी मानूस तुमी."

शुक्रवारी शेजारची खाट रिकामी होती. चादर ताणून बसवलेली. तांब्यांनी टेबल ओढून ठेवलं, वाट पाहिली. दीक्षा सिस्टर सुया घेऊन आली तेव्हा ती त्यांच्याकडे बघेना.

"काका, आवडाबाई बुधवारी गेल्या. सकाळी, घरीच. चहा मागितला आणि..."

चार तास तांब्यांनी छताकडे बघत काढले. मोबाइल पिशवीतून काढला नाही. एका वाक्याचं तर काम होतं. त्यांना येत होतं ते वाक्य.

शनिवारी दुपारी ते रिक्षाने मिरकरवाड्यात उतरले. विचारत विचारत घरापाशी आले. पुढच्या पडवीत सात-आठ बाया बर्फातली कोळंबी निवडत होत्या. एक तरुण बाई हात पुसत पुढे आली. ती आवडाबाईंची सून, संध्या.

"मी तांबे. हॉस्पिटलात त्यांच्या शेजारी..."

"पिच्चरवाले भाऊ!" संध्याने पटकन खुर्ची आणली. बायांचे हात थांबले.

"तुम्ही मला ओळखता?"

"ओळखत नाय कसे? आये हॉस्पिटलातना आली की संध्याकाळी हितंच बसायची. तुमी दाखवलेला सगळा आमाला सांगायची. उठून, चालून दाखवायची. तो स्टेशनवरचा म्हातारा सांगितलान, तेवा ही काशी दोन दिस जेवली नाय."

काशी नावाच्या थोराड बाईने मान खाली घातली.

तांबे खुर्चीत बसले. आठ महिन्यांत कितीतरी चित्रपट झाले होते. ते सगळे या पडवीत लागले होते, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"मंगळवारीपन सांगितलान," संध्या म्हणाली. "ती दीपगृहवाली. दारापर्यंत. मंग बोलली, पुढचा भाऊ शुक्रवारी दाखवनार हायत. आमी तवापासना भांडतोय. काशी बोलते तोच हाय. मी बोलते नसनार. भाऊ, तुमीच सांगा. दार कोन उघडतो?"

तांब्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. बायांच्या हातात कोळंबी तशीच धरलेली.

"दार एक माणूस उघडतो," ते म्हणाले. "नाव तेच. वयही साधारण तेवढंच. पण तो नव्हे."

कुणीतरी लांब श्वास सोडला.

"मग?" काशीने विचारलं.

"ती काहीच सांगत नाही त्याला. फक्त प्यायला पाणी मागते."

खाली जेटीला होडी लागली. लिलावाची हाक आली, एकदा, मग पुन्हा. बायांनी तिकडे माना वळवल्या. एकही उठली नाही. संध्याने पाटी बाजूला सारली आणि ती जमिनीवर, तांब्यांच्या समोर, मांडी घालून बसली.

"तो पाणी आणायला आत जातो," तांबे सांगू लागले.