उकळत्या पाण्यातली बाटली

"नर्सबाई, उकळू नका. ही बी वितळून गेली तं लेकराले पाजू कशात?" मनकर्णाबाईंनी पातेल्यावर हात आडवा धरला.

सिंधूताईंनी तो हात बाजूला केला. उंद्रीच्या दवाखान्यात त्यांची बारा वर्षं गेली होती आणि हेकट बाई म्हणून गावभर नाव झालं होतं. मनकर्णाबाईंचा नातू आठव्याच महिन्यात जन्मलेला, त्याची आई तापाने फणफणून बुलढाण्याला इस्पितळात. बोंडल्याने दूध घातलं की पोराला ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. काचेची बाटली सकाळी सिंधूताईंच्याच हातून गेली. घाईघाईत गरम काच गार पाण्याखाली धरली, तडकली. तेव्हापासून पोर उपाशी होतं आणि आता तर त्याने रडणंही सोडलं होतं.

ही नवी बाटली पोराच्या बापाने, निवृत्तीने नुकतीच ठाण्याच्या कारखान्यातून आणली होती. साहेबांकडे आलेल्या परदेशी नमुन्यांतली एक, मागून घेतलेली. दिसायला अगदी काच, हाताला हलकी. त्याने ती फरशीवर आपटून दाखवली, तरी साधा टवका उडाला नाही.

"पॉलिकार्बोनेट म्हनतात याले," तो म्हणाला. "बाजारातल्या प्लास्टिकवानी नाई हे. उकळत्या पान्यात काई होत नाई."

"तू उकळून पाह्यली काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

निवृत्तीने ते कारखान्यात नुसतं ऐकलं होतं.

सिंधूताईंनी बाटली पाण्यात सोडली. ती तळाशी गेली. धाड गावच्या बाजारातल्या दुधी रंगाच्या बाटल्या तरंगायच्या, नखाने दबायच्या आणि उकळी लागली की मान टाकायच्या. म्हणूनच गेल्या साली गावातल्या तानाबाईच्या लेकीची बाटली त्यांनी कोमट पाण्यात नुसती विसळायला सांगितली होती. बाटली खराब होऊ नये एवढाच विचार केला. पोरगी हगवणीने चार दिवसांत गेली. कुणी त्यांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना फार जड गेलं.

वीस मिनिटं उकळायची होती आणि घड्याळाचा काटा जागचा हलेना. मनकर्णाबाई पोराच्या छातीवरून हात काढायला तयार नव्हत्या. बाटली चिमट्याने दाबून पाहावी असं सिंधूताईंना दोनदा वाटलं, दोन्ही वेळा त्यांनी मन आवरलं.

मग त्यांनी ती बाहेर काढली. होती तशीच होती, मापाच्या रेघांसकट. दूध भरून तोंडाला लावली, तर पहिले दोन घोट पोराच्या गालावरून ओघळले, तिसरा त्याने ओढला. निवृत्ती भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

सगळे पोराभोवती असताना सिंधूताईंनी कपाटातून दुसरी बाटली काढली. लेक गेल्यावर तानाबाईने परत आणून दिलेली. नव्यासारखी सरळ, कुठे पोचा नाही. स्टोव्हवर पाणी अजून उकळत होतं. त्यांनी ती त्यात सोडली आणि तिची मान वाकेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.