सोड्यानं खाल्लेला शर्ट

"सर, पॉलिस्टरचा शर्ट घातला की माणूस बोकडावानी काहून वास मारतो?"

करिष्मानं विचारलं आणि वडवणीच्या शाळेचा अख्खा हॉल खिदळला. पैज लावली होती वर्गातल्या रोहिणीनं, एका प्लेट भज्यांची. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. पण कापड गिरणीतून आलेले पाहुणे इंजिनिअर म्हणाले, "वा! खरा प्रश्न."

मग त्यांनी सांगितलं. पॉलिस्टर वितळवून बारीक भोकांतून शेवयांसारखा ओढतात. धागा काचेसारखा गुळगुळीत. घाम त्यात मुरत नाही, म्हणून वास. पण कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवला की सोडा धाग्याची वरची साल खातो. बारीक खड्डे पडतात, कापड मऊ होतं, पाणी त्यात पसरतं. "फक्त कधी थांबायचं ते कळलं पाहिजे," ते शेवटी म्हणाले. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि करिष्मा टाळ्याच ऐकत होती.

त्या दिवसापासून करिष्माबाईंचे पाय जमिनीला लागेनात. विज्ञान प्रदर्शनात हाच प्रयोग करायचा ठरला. विज्ञानाच्या मॅडमनी हातमोजे घालून एक चिंधी सोड्यातून काढून दाखवली. रेशमासारखी झाली! पण चिंधीकडे कोण बघणार? करिष्माला अख्खा शर्ट हवा होता. आईचा होता की घरी. म्हणजे मूळ आबांचा, तिच्या वडिलांचा, लांब बाह्यांचा. ऊस तोडताना आई तो साडीवर घालायची. साखर कारखान्याचा सीजन संपल्यापासून पेटीत पडून होता. हिनं न विचारता उचलला. मॅडमनी वीस मिनिटं सांगितली होती. त्या दुसऱ्या वर्गावर गेल्या आणि हिनं आणखी तासभर ठेवला. जास्त वेळ म्हणजे जास्त मऊ, साधा हिशोब!

प्रदर्शनात थेंब टाकला की शर्टावर भराभर पसरायचा. पहिला नंबर आला, जिल्ह्यासाठी निवड झाली. परीक्षकांनी सहज विचारलं, "शर्ट कुणाचा गं?"

शेजारी रोहिणी उभी होती. बोकडाचा विनोद अजून वर्गात चालूच होता.

"कुणाचा न्हाई, सर. भंगारातून आणलाय," करिष्मा बोलून गेली.

मागं वळली तर दारात आई. आई हसली, पदर सावरला. तिनं ऐकलं का नाही, कळेना. विचारायची करिष्माची छाती झाली नाही.

रविवारी आई गाठोडं बांधत होती. तीन दिवसांनी ऊसतोडीला टोळी निघणार होती. करिष्मानं शर्ट इस्त्री करून पुढं केला. "आई, घालून बघ. लई मऊ झालाय. घाम टिपून घेतो आता."

आईनं, मंगलनं, बाह्यांत हात घातले आणि उसाच्या बुडाशी वाकावं तशी वाकली. टर्रकन कोपरावर फाटला.

"अगं, दहा सीजन निघाले त्या शर्टावर!" आबा, म्हणजे शहादेव, उठूनच बसले.

"मऊ कशाला पायजे होता, बाई?" आई हळूच म्हणाली. "उसाच्या पानाला करवतीचे दात असत्यात. ह्याच्यावरनं ते घसरून जायाचं. घामाचं काय, वाळतोय की."

करिष्मानं आईचे हात पाहिले. पंजे ओरखड्यांनी भरलेले, पांढऱ्या बारीक रेघाच रेघा. मनगटाच्या वर, जिथून बाही सुरू व्हायची, तिथून कातडी साफ. रोज ह्याच हातची भाकरी खात होती ती.

आईनं शर्ट काढला. नेहमीसारखी घडी घातली.

"असू दे. भंगारचाच व्हता."

करिष्माचे कान तापले. भिंतीवर प्रमाणपत्र लावलं होतं, ते कुठं लपवू असं झालं. आईनं दोन फटके दिले असते तरी परवडलं असतं. पण ती नुसती सुईदोरा शोधत होती.

"आई, थांब. आबा, तुमीबी ऐका." भरल्या हॉलात न कापलेला आवाज घरात कापला. "उद्या प्रार्थनेला मी माइक मागणार हाय. शर्ट माझ्या आईचा, ऊस तोडायचा. न इचारता घेतला, नको तेवढा सोड्यात ठेवला आन वर खोटं बोलले, हे समद्यांपुढं सांगणार. रोहिणी हसली तर हसू दे. आन जिल्ह्याला हाच फाटका मांडणार. त्याच्यावर लिहिणार, मंगल शहादेव, ऊसतोड कामगार, यांचा शर्ट."