मिटलेली फळं

जहाज लागलं की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा जरा सभ्य वागतात. त्या मंगळवारी जहाज सातलाच आलं. समोरच्या छपरांवरून त्याचा पांढरा माथा दिसायला लागला, मी निखाऱ्यावर निरफणस ठेवला आणि तेवढ्यात ॲल्रिकचा फोन.

"मिस विनेट, आज चौदा."

"काल नऊ म्हणालास!"

"काल नऊ होते, आज चौदा आहेत. आता मी काय करू, पाच जणांना समुद्रात ढकलू?"

"ढकल. मला नाही चालत असं ऐनवेळी," म्हटलं, आणि फोन ठेवून आणखी खारा मासा भिजत घातला. दुसरं काय करणार?

ॲल्रिक जहाजावरच्या पाहुण्यांना खाण्यासाठी जमैकातलं आमचं अख्खं फालमथ गाव पायी फिरवतो. बाजारात गरम पॅटी, चौकात धुरावर भाजलेली कोंबडी, कोपऱ्यावर बर्फाचा गोळा, आणि शेवटी पोटभर जेवायला आमचं अंगण. सतरा वर्षं शेवटचा मान आमचाच. मी रांधते बरं, पण लोक काही माझ्यासाठी येत नाहीत. येतात ते पापांसाठी.

माझे पापा, इझिकिएल टलक, वय ब्याऐंशी. अंगणातल्या ॲकीच्या झाडाखाली बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर परात घ्यायची, आणि फळं सोलता सोलता पाहुण्यांपुढे भाषण ठोकायचं. भाषणातला शब्द इकडचा तिकडे होत नाही. मला झोपेत विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

"या फळाला घाई चालत नाही, मंडळी," पापा म्हणायचे. "झाडावरच ते आपणहून उघडतं. लाल साल तीन जागी फाटते, आतून काळ्या बिया तुमच्याकडे बघतात. तेव्हाच तोडायचं. मिटलेलं असलं तर आत विष. मिटलेली ॲकी चाकूनं उघडणारा माणूस खुनी." मग थोडं थांबून, "आणि आळशीसुद्धा." इथे सगळे हसतात. सतरा वर्षं याच जागी हसतात.

पापा मात्र ते गमतीनं म्हणत नसत. त्यांचा धाकटा भाऊ लेस्टर पाच वर्षांचा होता तेव्हा कुणीतरी मिटलेली ॲकी शिजवली. रात्री ओकाऱ्या, सकाळी पोरगं थंड. पापा तेव्हा आठ वर्षांचे. पाहुण्यांना ते हे कधी सांगत नसत. मी सात वर्षांची असताना मला एकदाच सांगितलं, आणि माझ्या हातात फळ देऊन विचारलं, "हे उघडलंय की मिटलंय?" त्यानंतर वर्षभर रोज विचारलं.

त्या दिवशी पाहुणे साडेअकराला आले. घामाघूम झालेले, खूश. जांभळी टोपी घातलेली मार्जोरी नावाची एक बाई आल्या आल्या माझ्या गळ्यातच पडली. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेले. ती थेट पापांच्या पायाशी जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात माशाचे काटे काढत होते. बाहेरून भाषण ऐकू येत होतं, "खुनी" ऐकू आलं, "आळशीसुद्धा" ऐकू आलं, हशा ऐकू आला. मग पापांची हाक. "विनेट, ने गं, झाली!"

मी परात आणली. गर पाण्यात टाकला. बघितलं नाही. पापांच्या हातचं काय बघायचं? सतरा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

शिजायला वेळ लागला. चमच्याखाली एखादा तुकडा कडक लागत होता. मी गॅसच्या नावानं शिव्या दिल्या, आच वाढवली. मग कांदा, टोमॅटो, मिरची, मासा, वरून ॲकी. दोन घास चाखले, मीठ बरोबर होतं. सोबत तळलेले पिठाचे गोळे आणि भाजलेला निरफणस. पाहुण्यांनी टोप पुसून खाल्ला. त्या दात पडलेल्या मुलीनं तिसऱ्यांदा ताटली पुढे केली.

"अजून?" मी म्हटलं.

"अजून."

"खा गं बाई, हाडं दिसतायत तुझी," म्हणत मी डावभर वाढलं. तो डाव मला अजून हातात जड लागतो.

दीडला मंडळी खरेदीला गेली. जहाज चारला सुटणार होतं, साडेतीनला सगळ्यांनी आत असायला हवं. मी पापांचं ताट वाढून झाकून ठेवलं, कारण माझी भांडी झाल्याशिवाय ते जेवत नाहीत, आणि झाडाखालची सालं भरायला झाडू घेतला.

उघडलेल्या ॲकीची सालं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. वरची तशीच होती. खालची तशी नव्हती. पिवळट, हिरवट, घट्ट. कडा सरळ, चाकूनं कापलेल्या. एक उचललं, दुसरं उचललं. बिया बारक्या, काळ्यासुद्धा नीट झाल्या नव्हत्या. अशी दहा-बारा फळं.

मी तिथेच मातीत बसले. चोर शिरला असेल, शेजाऱ्यांनी कचरा टाकला असेल, काय वाटेल ते मनात आलं. स्टुलावर पापांचा चाकू होता. त्याच्या पात्याला तोच पिवळट चीक लागला होता.

"पापा," मी आवाज सांभाळून विचारलं, "आज फळं पुरली का हो?"

ते ओसरीवर पाय पसरून बसले होते. "न पुरायला काय झालं? झाड भरलंय. चौदा माणसं आली, झाडानं चौदांचं दिलं," म्हणाले आणि हसले.

झाडावर उघडलेली फळं नऊ जणांपुरतीच असणार, हे मला सकाळीच कळायला हवं होतं. मागच्या महिन्यात त्यांनी आल्याच्या सरबतात मीठ घातलं होतं, मी हसले होते. दोनदा मला आईच्या नावानं हाक मारली, मी ओ दिली होती. वय झालंय, म्हटलं. आज त्यांच्या तोंडानं नियम सांगितला आणि त्याच वेळी त्यांच्या हातांनी तो मोडला. चौदा माणसांसमोर. माझ्या कानांसमोर.

मी उठले आणि त्यांचं झाकलेलं ताट उचलून टोपातल्या खरवडीसकट कचऱ्याच्या खड्ड्यात ओतलं.

"अगं ए! माझं जेवण!"

"खराब झालंय. पाव खा."

"सकाळचं जेवण दुपारी खराब होतं होय? डोकं फिरलंय तुझं?"

मी चार चमचे साखर पाण्यात ढवळून गटागटा प्यायले, कारण या विषानं अंगातली साखर उतरते आणि ते दोन घास माझ्याही पोटात होते. सालं पिशवीत भरली आणि धावत सुटले. पायात घरातल्या सपाता. पन्नाशीची बाई भर बाजारातून सपाता फटफटत धावतेय, लोक बघणारच. बघू देत.

ॲल्रिक बंदराच्या फाटकाजवळ नारळपाणी पीत उभा होता. मी पिशवी उघडून दाखवली. जमैकाच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्याच्या हातातला नारळ खाली पडला.

"सगळ्यांनी खाल्ली?" तो म्हणाला.

"सगळ्यांनी. त्या पोरीनं तीनदा."

त्यानं पिशवीचं तोंड मिटलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मिस विनेट, ऐक. पाणी फेकलंस ना उकळून? मग अर्धं विष गेलं. कदाचित काहीच होणार नाही. हे लोक जहाजावर दिवसभर चरत असतात. पोट बिघडलं तर कोण म्हणणार तुझ्यामुळे? तू आत जाऊन बोललीस की तू संपलीस, मी संपलो, गल्ली संपली."

"आणि ती पोरगी मेली तर?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हणालास, ॲल्रिक? सांग ना, काय म्हणालास तू?"

त्यानं मान खाली घातली. पुढचं पाऊल त्यानंच टाकलं, फाटकावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जतही त्यानंच घातली. भित्रा आहे, पण वाईट नाही.

तेवढ्यात समोरून जांभळी टोपी आली. मार्जोरी. हातात रमच्या केकची पिशवी. मला बघून तिनं हात पसरले. "अय्या, निरोप द्यायला आलात?"

मी तिला सांगितलं. ॲकी मिटलेली होती, आत विष असतं, लगेच जहाजावरच्या डॉक्टरकडे जा, साखर घ्या, चौदाही जणांना शोधा. तिचे हात तसेच पसरलेले राहिले. इतकं प्रेमळ तोंड असं कोरडं पडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पण ते आजोबा तर म्हणाले..."

"त्यांनी बरोबर सांगितलं," मी म्हटलं. "सोलली मी. मीच घाई केली."

ॲल्रिकनं झटकन माझ्याकडे पाहिलं. भाषणाच्या वेळी तो पापांच्या शेजारीच उभा होता. सोलत कोण होतं हे त्याला माहीत होतं. तो गप्प राहिला, आणि त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

मार्जोरीनंही पापांना सोलताना पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग फक्त मान हलवली आणि धावली. जहाजाचा डॉक्टर खाली आला. त्यानं सालं तपासली, माझं नाव लिहून घेतलं, पिशवी परत दिली. त्या मुलीची आई पोरीला कडेवर घेऊन जहाजाचा जिना चढत होती. एवढी मोठी मुलगी, आईला पेलत नव्हती. वरून माझ्यावर ओरडली, "तू वाढत होतीस! माझ्या मुलीला तू स्वतः वाढत होतीस!" वाढत होते.

साडेपाचला ॲल्रिकचा फोन आला, त्याला जहाजावरून निरोप मिळाला होता. तिघांना ओकाऱ्या झाल्या, त्यात ती मुलगी. वेळेवर साखरेचं सलाईन लागलं, धोका टळला. मग म्हणाला, "आता आपल्याकडे कुणी येणार नाही, मिस विनेट." मी म्हटलं, "नकोच." आणि ओट्याला धरून रडले.

मागे वळले तर पापा दारात उभे. हातात माझी पिशवी. त्यातलं एक साल त्यांनी बोटांत धरलं होतं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"हे कोणत्या हरामखोरानं केलं?" ते म्हणाले. "माझ्या अंगणात? कुणी केलं, विनेट?"

त्यांच्या डोळ्यांत मी शोधलं. कुठे काही आठवतंय का, एवढंसं तरी. काहीच नव्हतं. होता तो फक्त आठ वर्षांच्या मुलाचा राग.

"मी, पापा. पाहुणे जास्त होते. घाई झाली."

वाटलं, मारतील. त्यांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी मारतील असं वाटलं. "तुला मी वर्षभर रोज विचारायचो," एवढंच म्हणाले. ओट्यावरचा माझा चाकू उचलून त्यांनी खिशात घातला आणि ते आत निघून गेले.

सकाळी करवतीच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर शेजारचा बॅनक्रॉफ्ट शिडीवर, आणि ॲकीची मोठी फांदी जमिनीवर. पापांच्या आईनं लावलेलं झाड. पापा खाली काठी टेकून उभे होते.

"अहो पण का, मिस्टर टलक?" बॅनक्रॉफ्ट वरून विचारत होता. "एवढं चांगलं झाड!"

पापांनी खिडकीकडे पाहिलं. मी पडद्याआड सरले. मग त्यांनी आवाज खाली आणला, पण कानानं कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज तो, केवढा खाली येणार?

"पोरगी विसरायला लागलीय माझी," ते म्हणाले. "गल्लीत बोलू नकोस कुठे. तिला अजून माहीत नाही."