नाव ठेवू का?

मित्रांनो, या कोपऱ्यात धूळ खात पडलेला मी एक टेलेक्स आहे. नागपूरच्या इतवारीत कोणी माझ्यावर अक्षरं बडवली, की ती त्याच क्षणी परदेशातल्या यंत्राच्या कागदावर उमटत. तारेवरून! तुम्हाला त्याचं काय कौतुक, पण मला अजून आहे.

सन ब्याऐंशीत सिंधूताईंनी मला आपल्या मसाल्याच्या दुकानात आणलं. भिवापुरी मिरचीचं तिखट ताई परदेशातल्या मराठी घरांना पाठवत. तिकडचं वाटप त्यांचा भाचा श्रीधर आपल्या तिथल्या दुकानातून करी. मला चालवायचे गोपाळराव. गिऱ्हाईकांची अडतीस नावं त्यांनी पत्त्यांसकट माझ्या कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवली होती. पट्टी फिरवली की सारी नावं धडाधड छापली जात. काय ऐट होती माझी!

एका मंगळवारी श्रीधरचा संदेश आला. तिथल्या सरकारने नवा कायदा केला होता. आमच्या देशातल्या माणसाचं नाव यंत्रात साठवायचं तर आधी त्याला विचारा, मग तुमचं दुकान जगाच्या कुठल्याही टोकाला असो. सोमवारपर्यंत होकार दाखवा, नाहीतर तिथे पोचलेली तिखटाची पाकिटं बंदरातूनच परत. तसं झालं तर ताईंचा धंदाच बसणार होता.

गोपाळराव म्हणाले, “ताई, ते लोक इतवारीत काय पाहाले येऊन राहिले? पट्टी डब्यात लपवून ठेवू.”

“मिरची आपली हाय, पण नाव त्यायचं हाय,” ताई म्हणाल्या. “न इचारता काहून ठेवाचं?”

लोकांना नावं ठेवायला आजवर कोणी परवानगी मागितली नव्हती, त्यामुळे मला गंमतच वाटली. पण मला मराठी लिपी कुठली? इंग्रजी अक्षरांत संदेश गेला, ‘नाव ठेवू का?’ श्रीधरने तो कागद आपल्या दुकानात टांगला आणि लोकांची उत्तरं जशीच्या तशी पाठवली. शनिवारी मी खडखडू लागलो. नको. नको. नको. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कात्री घेतली आणि ती तीन नावं पट्टीवरून कापली.

चौथं उत्तर आलं, ‘नव नको, चार पुरे.’

गोपाळराव खुर्चीतून उठलेच. आपल्याकडे नऊला नव म्हणतात, आणि इंग्रजी अक्षरांत नाव काय, नव काय, दिसायला एकच! लोकांना वाटलं, ताई त्यांच्यासाठी नऊ पाकिटं ठेवू का म्हणून विचारतात. ताई हसत हसत कापलेले तुकडे चिकटवू लागल्या. गोपाळरावांनी नवा प्रश्न पाठवला, ‘नावपत्ता ठेवू का?’

रविवारी दिवसभर मी थांबलो म्हणून नाही. ठेवा, ठेवा, खुशाल ठेवा. सदतीस होकार! सोमवारी श्रीधरने ते सरकारात दाखवले आणि पाकिटं सुटली. गोपाळरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी फुलून गेलो.

एक नकार मात्र खरा निघाला. एका बाईंनी कळवलं, तिखट मी दुकानात येऊन नेईन, नाव ठेवू नका. ताईंनी तेवढा तुकडा कापून चुलीत घातला.

मित्रांनो, दुसऱ्याचं नाव आपल्या हाती आलं म्हणून ते आपलं होत नाही. ठेवण्याआधी विचारा, ठेवलंत तर जपा. त्या बाईंचं नाव मला आजही तोंडपाठ आहे. पण तुम्हाला सांगायचं नाही, कारण त्यांनी मला ‘हो’ म्हटलेलं नाही.