मॅग्नोलियाचा आळ

मॅग्नोलिया आजारी पडला, तेव्हा घड्याळजींना आधी वाटलं, झाड नुसतं पेंगतंय. दुपारचं ऊन अंगणात सांडलेलं, हवा अशी की पाखरानंसुद्धा दबकून बोलावं, आणि त्या उन्हात मान टाकून उभं असलेलं झाड. पानं बोटाच्या पेराएवढीच राहिलेली, कडा भाजल्यासारख्या, शेंडा तर पार बोडका. घड्याळजींनी डोळ्याला दुकानातलं भिंग लावून पान न् पान तपासलं. कीड नाही, बुरशी नाही. चाळीस वर्षं घड्याळांची काळजं उघडून पुन्हा चालती केलेला माणूस. पण झाडाला मागचं झाकण नसतं, करणार काय!

झाड होतं बायकोच्या हातचं. ती आता खिडकीपाशी खुर्चीत असायची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही. 'हो', 'नको' आणि 'अहो' एवढे तीन शब्द देवानं मागं ठेवले. मग काही महिन्यांनी चौथा आला. ती डावा हात खिडकीकडे नेई आणि जीव काढून म्हणे, "आळ... आळ..."

खिडकीतून झाड दिसे आणि झाडामागं फाटक. झटका आला त्या दिवशी घड्याळजी त्याच फाटकातून उशिरा आले होते. तिनं पडल्या पडल्या फोन केला होता. यांच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग होती, म्हणून यांनी तो वाजू दिला. दीड तास ती फरशीवर होती. मग आळ कसला, हे विचारायचं कशाला? माणूस मनात स्वतःवर खटला भरतो ना, तेव्हा चोरही तोच, साक्षीदारही तोच आणि न्यायाधीशही तोच. तिथं सुटका कुठली?

तिनं "आळ" म्हटलं की हे मान खाली घालत, "खरंय गं" म्हणत आणि बागेत निघून जात. हाताला चाळा म्हणून तिच्या वाळलेल्या कुंड्यांतली माती झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतत. ऊब मिळावी बिचाऱ्याला! वर्षभरात वीतभर उंच ढीग झाला. खिडकीत ती आणखी जोरात म्हणे, "आळ!" आणि हे आणखी एक कुंडी उचलत.

शेवटी झाडांची डॉक्टरीण आली. रबरी बूट घातलेली, ठसठशीत बाई. तिनं बुंध्याभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला.

"काका, याला गळ्यापर्यंत गाडलं कुणी?"

"मीच. मायेनं हो."

"मायेनंच मरतात जास्त करून. रागानं कुणी एवढी माती वाहत नाही."

गुडघे टेकून ती हातांनी माती उपसू लागली. आतली साल काळी, ओलसर, बोटानं दाबली तर मऊ लागणारी. मुळं फाकतात ती जागा उघडी पडेपर्यंत तिनं ब्रशनं कण न् कण झाडला, निजलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसा.

"खोडाला वारा लागू दे. खत नको, औषध नको. आणि काका, याचं आळं कुठंय?"

"काय कुठंय?"

"आळं हो, पाण्याचं! बुंध्यापासून हातभर लांब, गोल. इथं होतं, कड दिसतेय बघा. तुम्ही ते बुजवलंत."

घड्याळजी उभ्या जागी थिजले. पानांतून उन्हाचे कवडसे डोलत होते आणि त्यांना वाटलं, आपणच पाण्याखाली आहोत, वरून कुणीतरी कधीचं हाका मारतंय. देव माणसाला कान जन्मतःच देतो. ऐकणं मात्र मागून घ्यावं लागतं.

मातीच्या हातांनीच ते घरात धावले आणि खुर्चीपाशी खाली बसले.

"अगं, आळं म्हणत होतीस? झाडाचं?"

तिनं बघितलं. ढ मुलानं अखेर पाढा म्हटला की मास्तरीण बघते तसं.

"हो," ती म्हणाली. मग डोळे भरून, "हो, हो, हो!"

"आणि तो फोन... मी उचलला नाही तो... त्याचा राग?"

खिडकीच्या पडद्यात वारा शिरला, बाहेर पडला. राग नव्हता असं नव्हे. असेलच, कुणालाही असता. पण डावा हात हळूच उठला, त्यांच्या गालावरची माती पुसून खाली आला.

"नको," ती म्हणाली.

घड्याळजींनी मातीच्या हातानंच डोळे पुसले आणि ते बागेत परतले.

बाहेर डॉक्टरीण शेंडा कापत होती. "खात्री देत नाही हं. खालच्या फांद्यांवर कोंबांचे डोळे फुटले तर जगलं म्हणा." घड्याळजींनी खुरपं घेतलं आणि जुन्या कडेवरून आळं खणायला लागले. खिडकीची काच वाजली.

"अहो! आळ!" ती हातानं हवेत गोल काढत होती, यांच्या गोलाच्या दुप्पट.

डॉक्टरीण हसली. "मला कशाला बोलावलंत, काका? डॉक्टर तर घरातच बसलीय."

घड्याळजींनी पहिली रेघ मोडली आणि दोन पावलं मागं सरून पुन्हा खणायला लागले.