नळी किती दिवस चालवायची?

गोरक्ष येळवंडे यांचे डोळे पिवळे पडले, तेव्हा महाळुंग्यातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने काविळीचा एकेक झाडपाला सुचवला. त्या औदार्यात तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कर्करोगाची गाठ दिसली. तिने पित्तनलिका दाबून धरली होती. गाठ काढता येण्याजोगी होती. मात्र त्याआधी तुंबलेल्या पित्ताला वाट करून देणारी नळी, म्हणजे स्टेंट, आत बसवायची होती.

चिंचवडच्या रुग्णालयात संमतिपत्रावर दोन चौकटी होत्या: प्लास्टिक आणि धातू. तरुण डॉक्टर प्रज्वल यांनी पेन पुढे केले.

"प्लास्टिकची तात्पुरती, धातूची कायमची. तुमचं तर ऑपरेशनच होणार आहे. प्लास्टिक पुरे."

इतक्या नेटक्या वाक्यावर शंका घेणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. गोरक्ष यांच्या पत्नी तनुजा यांनी मान डोलावली. गोरक्ष यांनी मात्र एकवीस वर्षे चाकणच्या कारखान्यात पाइपांची देखभाल केली होती.

"दोनी बघाया मिळतील का?"

प्रज्वल यांनी हसत नमुने आणले. गोरक्ष यांनी प्लास्टिकची नळी उजेडात धरली. "बोअर किती? आतलं भोक?"

"साधारण तीन मिलिमीटर."

"आन् ही धातूची, जाळीची?"

"पूर्ण उघडली की दहा."

"अवो, तुमी पेशंट हाय," तनुजा पुटपुटल्या. "इन्स्पेक्शनला न्हाई आलाय."

"थांब गं. डॉक्टर, नळी किती दिवस चालवायची? ऑपरेशन कदी?"

प्रज्वल फाइल चाळू लागले. "आधी केमोथेरपी. म्हणजे... चार महिन्यांनी."

"प्लास्टिक चोक कदी हुती?"

"दोन-तीन महिन्यांत. कधी त्याआधीही."

"मग?"

"ताप येतो, जंतुसंसर्ग होतो. केमो थांबवावी लागते."

"म्हंजे गाठ वाढंल, आन् ऑपरेशन हुकंल."

यातले काहीही रुग्णालयाला नवीन नव्हते. केमो एका विभागाने लिहिली होती, शस्त्रक्रिया दुसऱ्याने, नळी तिसऱ्याने. तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचणे हे काम मात्र कोणत्याही पदाच्या कर्तव्यात नमूद नव्हते.

"पर कायमची जाळी ऑपरेशनला आडवी न्हाई का यायची?" तनुजा यांनी विचारले. फाइलमधल्या सर्व शेऱ्यांपेक्षा हा प्रश्न मोलाचा होता.

प्रज्वल यांचे कान लाल झाले होते. तरीही त्यांनी तिथूनच शल्यविशारदांना फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

"चार महिने? मग धातूचीच," पलीकडून आवाज आला. "पण आखूड घाला. गाठीच्या वर आतड्याशी जोडणी करायला मला चांगली पित्तनलिका मोकळी हवी. गाठीबरोबर जाळीही काढून टाकेन. तुम्हाला प्लास्टिक कोणी सांगितलं?"

प्रज्वल यांनी घाईने आभार मानले. फोन ठेवून त्यांनी धातूच्या चौकटीत खूण केली.

"आखूड म्हंजे किती?" गोरक्ष यांनी विचारले.

"चार सेंटिमीटर."

"लिवा."

प्रज्वल यांनी लिहिले. गोरक्ष यांनी आकडा पुन्हा वाचला, तनुजा यांना वाचायला लावला, आणि मग सही केली.