अडीच वाघांची दुनळी

मी कारभारीची दुनळी बंदूक बोलतेय. बोलतेय कसली, अजून धापा टाकतेय. परवा भिंगारात माझ्याच पोटावरचं लिखाण मला पहिल्यांदा कुणीतरी नीट वाचून दाखवलं, तेव्हापासून माझ्या दोन्ही नळ्या गार पडल्यात.

माझा जन्म विलायतेतला. भिंगारच्या छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना मला कारभारीच्या आज्याला विकून गेला. कर्जतला आणल्यावर आज्याने पुसायला नळ्या उतरवल्या, तर खालच्या सपाट भागावर, एरवी लाकडाआड राहणाऱ्या जागी, आकडा कोरलेला. अडीच. आज्याला इंग्रजीतले आकडे तेवढे कळायचे. त्याने तिथंच अर्थ लावला: साहेबाने मारलेले वाघ! दोन जागेवर पडले, तिसरा जखमी होऊन पळाला, म्हणून अर्धा.

खरं सांगते, मी जन्मात तितरांपलीकडे काही पाडलं नाही. पण कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उलट निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तिथं शेजारणींना मी वाघांची लांबी सांगायचे. दर निवडणुकीला वाघ हातभर वाढायचा.

आज्यामागं मला नुसतं पुसलं, उडवलं कुणीच नाही. यंदा रानडुकरांनी मका लोळवला आणि त्यांना भिववायला कारभारीने हवेत बार काढायचं ठरवलं. नवी काडतुसं आणली, घालून पाहिली. अलगद बसली. तो खूश. पण त्याची बायको गीताबाई अडून बसली. इतकी वर्षं न उडालेली बंदूक आधी भिंगारच्या रशीदभाईंना दाखवायची, मगच रानात न्यायची. शेवटी कारभारी कुरकुरत मोटारसायकलवर, मागं गीताबाई, आणि खोळीत गुंडाळलेली मी तिच्या मांडीवर आडवी.

रशीदभाईंचा तीन पिढ्यांचा बंदुकदुरुस्तीचा धंदा. कारभारी वाघ रंगवून सांगत होता, तोवर त्यांनी नळ्या उतरवून उलट्या केल्या, भिंग लावलं, आत माप घातलं. मग काडतुसांचा खोका वाचला आणि तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

"कारभारी, ह्ये वाघ न्हाईत. अडीच इंच. काडतुसाच्या घराची लांबी हाय ही. तुमची काडतुसं पावणेतीनची."

"पन बसत्यात की."

"मिटलेलं काडतूस बसतंय. बार झाला की त्याच्या तोंडाची घडी उलगडती, ते लांबतंय. पुढं नळी अरुंद, घडी तिथं अडकती अन् आतला जोर वाढतो. या वयात नळी फाटली तर? तुमचा डावा हात तिच्याखालीच असतोय."

मी गोठले. एवढी वर्षं मिरवलेला आकडा म्हणजे माझं माप होतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. स्वतःचं पोट स्वतःला दिसतं कुठं! कारभारी आपला डावा हात दुसऱ्याचा असावा तसा उलटसुलट करून बघत राहिला.

गीताबाई म्हणाली, "लगीन झाल्यापासनं इचारतीया, अर्धा वाघ गेला कुठं."

काडतुसं दुकानात परत गेली. मी कपाटात, कुलपात. तुमच्या घरी माझ्या वयाची कुणी असेल तर एवढंच करा: काडतूस बसतंय म्हणून भरू नका. आधी जाणत्याकडून तिचं पोट वाचून घ्या.

पुढच्या निवडणुकीला ठाण्यात शेजारणी विचारतीलच. सांगेन, दोन वाघ खोटे होते गं. अर्धा मात्र खरा. माझ्या पोटाशी दबा धरून बसला होता, कारभारीच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर.